तापल्यावर बंद करायचा नाही

माळ्यावरचा कूलर खाली उतरवायचा, जाळीतला जुना, काळा पडलेला वाळा काढून नवा भरायचा आणि पहिल्यांदा पाणी सोडलं की घरभर तो ओला, गवती वास पसरायचा, असा आमच्याकडे दर वर्षी उन्हाळा सुरू होतो. या वर्षी मात्र तो माझ्यापुरता दुसऱ्याच वासानं सुरू झाला. दवाखान्यात एका माणसाच्या छातीचा एक्स-रे काढत होते, तेवढ्यात लाइट गेली. मागच्या अंगणातला जनरेटर सुरू झाला आणि तापलेल्या पत्र्याचा, जळक्या तेलाचा वास खिडकीतून आत आला. तो माणूस प्लेटला छाती टेकवून, श्वास रोखून उभा होता. शेवटी त्यानंच विचारलं, "सोडू का आता?" सोडा, म्हणायचं मी विसरूनच गेले होते.

काही वर्षांपूर्वी, त्या एका उन्हाळ्यात मी गाडीत होते.

गाडी एका धर्मादाय संस्थेची होती. लांबलचक, पांढरी, आत एक्स-रेचं मशीन बसवलेलं. मेहकर आणि लोणार तालुक्यांतल्या गावांतून फिरायचं, ज्यांचा खोकला बरेच दिवस थांबत नाही अशांच्या छातीचे फोटो काढायचे, हे काम. मशीनच्या खोलीला चारही बाजूंनी शिशाचे पत्रे होते आणि खिडकी अर्थातच नव्हती. गाडीच्या मागच्या बाजूला लोखंडी पिंजऱ्यात जनरेटर, आणि त्याच्या शेजारी चाकाच्या खुर्चीसकट माणसाला वर घेणारी एक लिफ्ट. मशीन, कॉम्प्युटर, पंखा, लिफ्ट, सगळं त्या एका जनरेटरवर. गाडी चालवायचे आणि जनरेटर सांभाळायचे ते सुलतानपूरचे रफीकचाचा. उमर ट्रकवर गेलेली, गुडघा दुखायला लागला म्हणून लांबचे फेरे सोडून या गाडीवर आलेले. मला लोकांसमोर मॅडम म्हणायचे, आणि गाडीत दोघंच असलो की बेटा.

मी तेव्हा नुकतीच लग्न होऊन मेहकरला आले होते. अकोल्याला एक्स-रेचा डिप्लोमा केलेला. नवरा पुण्याकडे कारखान्यात, चौघांबरोबर एका खोलीत राहायचा. स्वतंत्र खोली मिळाली की घेऊन जातो, असं त्यानं हळद उतरायच्या आधीच सांगितलं होतं. सासू-सासरे वाईट नव्हते. पण उन्हाळ्यात दहा वाजले की घराची दारं-खिडक्या उन्हासाठी लावून घ्यायची, आणि मग त्या अंधारात कूलरची घरघर ऐकत पडून राहायचं, ते संध्याकाळपर्यंत. सासूबाई मधूनच विचारायच्या, झोपली का गं? मी नाही म्हणायचे. त्या पुन्हा कूस बदलायच्या. गाडीवरच्या नोकरीचं कळलं तेव्हा मला वाटलं, सुटले. रोज नवं गाव, नवी माणसं.

गाडी फिरायची, हे खरं. मी मात्र दिवसभर त्या शिशाच्या खोलीत असायचे. सकाळी शाळेच्या नाही तर देवळाच्या पटांगणात गाडी लागायची आणि त्यानंतर मला गाव दिसायचं ते माणसांच्या बरगड्यांतून. कोणत्या गावाला नदी आहे, कुठं आंब्याची झाडं आहेत, हे मला रफीकचाचा संध्याकाळी परतताना सांगायचे. बाहेर ऊन, आत पत्रा, आणि पत्र्याला खेटून तो जनरेटर. घरी येऊन जेवायला बसले तरी कानात तोच चालू असायचा. सासूबाई काही बोलायच्या आणि मी नुसती मान हलवायचे.

त्या जनरेटरला एक खोड होती. सकाळी थंड असताना पहिल्या हिसक्यात सुरू व्हायचा. दोन-तीन तास चालून तापला आणि एकदा का बंद केला, की मग काही केल्या सुरू व्हायचा नाही. दोरी ओढून ओढून चाचांचा खांदा उतरायचा. पत्र्यावर हात ठेवता येईल इतका निवला की पुन्हा काही झालंच नाही असा सुरू. मेहकरच्या मिस्त्रीकडे आम्ही तो दोनदा नेला. गाडी तिथं पोहोचेपर्यंत तो निवलेला असायचा. मिस्त्री दोरी ओढायचा, जनरेटर सुरू व्हायचा, आणि मिस्त्री आमच्याकडे असं बघायचा की आम्हालाच लाज वाटावी. तरी त्यानं प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला. चाचांना वाटलं, पेट्रोलची नळी सायलेन्सरजवळून जाते, तिच्यात पेट्रोलची वाफ होत असेल. त्यांनी नळी लांबून फिरवली, तिच्यावर ओलं गोणपाट गुंडाळलं. काही फरक पडला नाही.

शेवटी चाचांनी नियमच केला. "बेटा, एकदा सुरू झाला का बंद करायचा नाही."

त्यामुळे आम्ही त्याच्याशी बांधले गेलो. त्याला सोडून जेवायला जाता यायचं नाही. कुणी घरी चहाला बोलावलं तरी एकानं गाडीपाशी थांबायचंच. आणि इतकं करून दुपारी तो बंद करावाच लागायचा, कारण टाकी दुपारपर्यंतच पुरायची. चालत्या, तापल्या जनरेटरमध्ये पेट्रोल ओतायला चाचा साफ नकार द्यायचे. ट्रकवर असताना त्यांनी एकाला तसं करताना जळालेलं पाहिलं होतं, त्याबद्दल ते याहून जास्त कधी बोलले नाहीत. म्हणून दुपारी तो थांबायचा, आणि त्याच्याबरोबर आम्हीही. लिंबाखाली बसलेली माणसं वाट बघून बघून उठायची. लांबून पायी आलेली एखादी बाई विचारायची, आता होते का नाही वो बाई? मी जनरेटरच्या पत्र्यावर हात ठेवून बघायचे.

नवऱ्याचा फोन यायचा तो नेमका जनरेटर चालू असताना. मी ओरडून विचारायचे, खोलीचं काय झालं? तो ओरडून म्हणायचा, "पाहून राह्यलो, लवकरच होईन." लवकरच हा शब्द त्या आवाजातूनसुद्धा स्पष्ट ऐकू यायचा.

मे महिन्यात जानेफळच्या पुढं एका लहान गावात गाडी लागली होती. वावरं नांगरून पडलेली, काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा. घरांसमोर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीचे ढीग, गच्च्यांवर धोतरं पसरून कुरड्या वाळत घातलेल्या. रांग मोठी होती. दुपार झाली तरी चाचांनी पेट्रोलसाठी जनरेटर थांबवला नाही. गावातली एक म्हातारी खुर्चीवरून यायची होती, तिचं उरकलं की थांबवू, असं म्हणाले. चाकाची खुर्ची त्यांनीच तिच्या घरी नेऊन दिली होती.

तिला अनसूयामाय म्हणायचे. खुब्याचं हाड मोडून वाकडं जुळलेलं, काठीनं चार पावलं टाकायची, पायरी मात्र चढायची नाही. गेल्या दिवाळीपासून खोकला होता. घरात चार वर्षांची नात म्हणून तिला गोठ्यालगतच्या खोलीत ठेवलं होतं, ताट दाराशी ठेवायचे. हे मला रांगेतल्या बायांनीच सांगितलं, आवाज खाली करून. मुलगा ट्रॅक्टरवर गेलेला, म्हणून सून कमल खुर्ची ढकलत घेऊन आली. तोंडावर पदर घट्ट ओढलेला, दोन्ही हात लांब ताणलेले आणि मान एका बाजूला वळवलेली. म्हातारीला पाहताच लिंबाखालची माणसं आणखी मागं सरकली.

खुर्ची लिफ्टवर चढवली, पट्टा बांधला, चाचांनी कळ दाबली. लिफ्ट माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर गेली आणि जनरेटरनं दोन-तीन आचके दिले. पेट्रोल संपलं होतं. म्हातारी ना वर, ना खाली.

लिफ्ट हातानं खाली घ्यायचा एक दांडा होता, तो गाडी आली तेव्हापासून जाम होता. दोघं-तिघं पुढं झाले, उचलून उतरवतो म्हणाले, पण अनसूयामायनं हात आडवा केला. मागं एकदा दोघांनी बगलेत हात घालून उचललं होतं, तर महिनाभर तिला कूस बदलता आली नव्हती. "हात नोका लावू मले," ती म्हणाली. "बसतो मी. बसाची सवय हाये." ती रागानं बोलली नव्हती. म्हणूनच ते जास्त लागलं.

ऊन सरळ डोक्यावर होतं. मला आणि चाचांना जनरेटर बघायचा होता आणि बाकी कुणी जवळ येत नव्हतं. मी कमलला म्हणाले, वर काहीतरी धरा, नाहीतर भोवळ येईल त्यांना. कमल जागची हलली नाही. मग तिनं खुर्चीवरची चादर ओढली, भाजीची एक रिकामी क्रेट पालथी घातली, तिच्यावर उभी राहिली आणि सासूच्या डोक्यावर दोन्ही हातांनी चादर ताणून धरली. धरायची तर जवळ जावंच लागत होतं. पदर सुटून खांद्यावर आला. तो सावरायला तिचे हात मोकळे नव्हते.

चाचांनी टाकीत पेट्रोल ओतलं, कॅन दूर लिंबाखाली नेऊन ठेवला आणि दोरी ओढली. काही नाही. दहा-बारा वेळा ओढून ते खाली बसले, गुडघा दाबत.

तेव्हा माझ्या मनात आलं की याला तापलेला असताना कुणी उघडून पाहिलेलंच नाही. मिस्त्रीनं पाहिला तो दर वेळी थंड. मी चाचांना म्हणाले, आत्ता बघू, निवायच्या आत. ते माझ्याकडे बघत राहिले, मग पान्हा घेऊन उठले. फडक्यानं धरून प्लग काढला, वायरीला लावून इंजिनच्या अंगाला टेकवला, आणि मी दोरी ओढली. ठिणगी पडायला हवी होती. पुन्हा ओढली. अंधार करायला चाचांनी तळहात आडवा धरला. ठिणगी नव्हतीच.

"म्हंजे पेट्रोलचं दुखनंच नाही," चाचा हळूच म्हणाले. "आपुन कवापासून नळीच्या मांगं लागलो."

करंट तयार करून प्लगला पोचवणारी एक कॉइल असते, मुठीएवढी, इंजिनला चिकटून बसवलेली. तापली की तीच दगा देत असणार, असा चाचांचा अंदाज. त्यांनी खांद्यावरचा गमछा माठात बुडवला, पिळला आणि फक्त कॉइलवर दाबून धरला. वाफ निघाली. पुन्हा बुडवला, पुन्हा धरला. मी पाणी आणत राहिले.

आणि या सगळ्यात मला एकदम जाणवलं की ऐकू येतंय. कितीतरी दिवसांनी भर दुपारी ऐकू येत होतं. कुठंतरी पिठाची गिरणी चालली होती. लिंबाची पिकली पानं गाडीच्या टपावर पडत होती. आणि गाडीच्या मागं, माझ्यापासून चार हातांवर, दोन बायका बोलत होत्या.

"हात दुखन तुहे," अनसूयामाय म्हणाली.

"दुखू द्या."

म्हातारीचं लक्ष गावाकडं होतं. इतक्या उंचीवरून तिला भिंतींच्या पलीकडचं दिसत होतं. तिनं एकेका घराचं विचारलं. कोणाचा स्लॅब पडला, कोणाची म्हैस व्याली, ते लाल टिनाचं घर कोणाचं. कमल सांगत होती. मग म्हातारीची नजर त्यांच्या स्वतःच्या गच्चीवर गेली.

"कुरड्या तू घातल्या का?"

"हाव."

"जाड झाल्या."

"तुमी नव्हत्या ना सांगाले," कमल म्हणाली. म्हणून गेली, आणि चादर आणखी ताणून धरली.

म्हातारीनं थोड्या वेळानं विचारलं, "पोरगी विचारते का मले?"

"रोज."

"मंग काय सांगतं?"

"सांगतो, आजी झोपली हाये म्हून."

अनसूयामाय हसली. हसता हसता खोकला आला, आणि तिनं स्वतःच पदर तोंडाला लावून मान पार दुसरीकडं वळवली. खोकला थांबल्यावर म्हणाली, "लयच झोपली मंग मी."

मी कमलकडे पाहिलं नाही. माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो तसाच घेऊन उभी होते. चाचांनी दोनदा मला हाक मारली असावी. त्यांनी प्लग पुन्हा इंजिनला टेकवला होता. मी दोरी ओढली आणि निळसर, बारीक ठिणगी पडली. चाचांनी प्लग जागेवर बसवला. पुढच्या हिसक्यात जनरेटर सुरू झाला आणि गिरणी, पानं, त्या दोघी, सगळं पुन्हा बुडून गेलं.

लिफ्ट वर आली. आत घेतल्यावर गळ्यातली पोत काढावी लागते, फोटोत येते. मी पुढं झाले, पण कमल माझ्या आधी पायऱ्या चढून आत आली होती. तिनंच सासूच्या मानेमागं हात घालून गाठ सोडवली. तिला वेळ लागला. हात भरून आले होते. मग ती बाहेर गेली आणि मी फोटो काढला.

उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात सावली होती. असं काही दिसलं तरी आम्ही बोलायचं नसतं, ते डॉक्टरांचं काम. मी थुंकीच्या तपासणीची डबी दिली, कशी भरायची ते सांगितलं. अनसूयामाय माझ्या तोंडाकडं बघत होती. तिनं ओळखलं असावं.

रिपोर्ट आला तो टीबीचाच. गावच्या आशाताई गोळ्या घेऊन गेल्या, त्या दिवशी आमची गाडी शेजारच्या गावात होती, म्हणून मीही त्यांच्याबरोबर गेले. घरातल्या बाकीच्यांचीही तपासणी करायची होती. कमल भिंतीला टेकून उभी होती, नात तिच्या मागं. तिची भीती खोटी नव्हती, हे आता तिलाही कळलं होतं आणि म्हातारीलाही. मला वाटलं, आता या घरात कुणी कुणाशी कसं बोलेल. पण अनसूयामायनं पहिलं विचारलं ते भलतंच.

"किती दिस खा लागते गोया?"

सहा महिने, आशाताई म्हणाल्या. एकही दिवस न चुकता. नीट घेतल्या तर काही आठवड्यांनी दुसऱ्याला लागायची भीती बरीच कमी होते, मग डॉक्टर सांगतील तसं घरात बसता-उठता येईल.

म्हातारीनं बोटांच्या पेरांवर अंगठा ठेवत महिने मोजले. जेठ, आखाड, सावन. कार्तिकापाशी थांबली. "शेवट हाये म्हना याले," ती म्हणाली. "मले वाटे, असंच."

तिचा चेहरा मी विसरू शकत नाही. आजार निघाला म्हणून सुटल्यासारखं दिसणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी गच्चीवर जाऊन नवऱ्याला फोन लावला. त्यानं नेहमीसारखं लवकरच म्हटलं. मी म्हणाले, लवकर म्हणू नका, महिना सांगा. मागं त्याच्या खोलीतल्या पोरांच्या ताटांचे आवाज येत होते. मग तो म्हणाला, "खरं सांगू? वर्षभर तरी नाही जमत. मले सांगाचं धाडस नव्हतं." मी फोन ठेवला, रडले, खाली येऊन पोटभर जेवले. त्या रात्री सासूबाईंना मीच विचारलं, झोपल्या का? वर्षभर ते घर तेच होतं आणि दुपारचा अंधारही तोच. पण त्यात रोज नव्यानं वाट बघायची राहिली नाही, आणि सासूबाईंशी बोलायला मला विषय सापडू लागले. पुढं नवराच तिकडची नोकरी सोडून इकडे आला, आम्ही चिखलीला बिऱ्हाड केलं, ते वेगळं.

जनरेटरला नवी कॉइल बसली. पहिल्या दिवशी चाचांनी तो चांगला तापू दिला, बंद केला आणि लगेच दोरी ओढली. सुरू. पुन्हा बंद केला, पुन्हा सुरू. चार-पाच वेळा तेच करत राहिले, लोक बघत होते तरी. मग त्यांनी तो बंद केला आणि आम्ही दोघं एकदमच, त्या गाडीवर पहिल्यांदा, लिंबाखाली जाऊन डबे उघडून बसलो. चाचांनी गावाकडच्या नदीचं काहीतरी सांगितलं. त्यांना ते ओरडून सांगावं लागलं नाही, एवढंच आता आठवतं.

मागच्या आठवड्यात कमल आमच्या दवाखान्यात आली होती. पोरगी सायकलवरून पडली, मनगटाचा फोटो काढायचा होता. पोरगी आता आईच्या खांद्याला लागते. कमलनं मला आधी ओळखलं. अनसूयामायचं विचारलं तर म्हणाली, गोळ्या पुऱ्या केल्या, त्यानंतर चांगली चार-पाच वर्षं राहिली, कुरड्या घालताना डोक्यावर बसायची. या हिवाळ्यात गेली. मधल्या घरात, सगळे भोवती असताना.

आणि ती खोली? मी विचारलं. का विचारलं, कोण जाणे.

"कुटार भरतो तिच्यात," कमल म्हणाली. पोरीचा हात तिनं हलकेच प्लेटवर ठेवला, मी सांगितलं तसा. "दार काढून टाकलं मी तिचं. बकऱ्या घुसते, कुटार खाते, हे बोंबलते माह्यावर. पन म्या नाही लावू देल्लं."